दाराकडे पाठ करून

"आठ दिवस घर रिकामं करून द्यावं लागेल," नागपूरहून आलेला माणूस म्हणाला. त्याने माडीवरच्या सागवानी फळ्यांवर टाच आपटून पाहिली होती, मोबाईलवर फोटो काढले होते, टेप धरून लांबी-रुंदी घेतली होती. आधी मशीनने वरचा थर घासून काढायचा, मग सीलर, मग पॉलिशचे तीन हात. धूळ खालच्या स्वयंपाकघरापर्यंत जाणार, पॉलिशचा वास चार दिवस डोक्यात बसणार. म्हणून आठ दिवस.

आमची मोठीमाय जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत. "कोठी जाऊ मी आठ दिस?" तिने विचारलं. तो काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं. "आमी अख्खा जनम सारवलं. कदी कोनाले घराबाहीर काढलं काय?"

त्या माणसाने चहा घेतला आणि तो गेला. मोठीमायचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. झिजलेली जमीन नवी करायची आणि घर एक दिवसही बंद पडू द्यायचं नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या बायका शेकडो वर्षं करत आल्या होत्या. ती मातीच्या जमिनीवर जमत होती, तर लाकडाच्या का जमू नये?

हे घर वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातलं. आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं. खाली हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर माडी, तिच्यावर कवेलू. सागाचे मयाल, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या. खालची जमीन शेणाने सारवलेली, वरची लाकडाची. म्हणजे एकाच घरात दोन जमिनी आणि दोन्हींची तऱ्हा वेगळी. खालची दर आठवड्याला नवी व्हायची. वरचीकडे माझ्या आठवणीत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. हंगामात तिथे कापूस भरत. आम्ही पोरं त्यात उड्या मारायचो आणि खोकत खाली यायचो. कापसाच्या घासण्याने फळ्या गुळगुळीत राहतात असं मोठीमाय सांगते. मला ते फारसं पटत नाही, पण दारापासून खिडकीपर्यंत पायांनी जी वाट झिजवली होती ती सोडून बाकीच्या फळ्या खरंच हाताला मऊ लागत होत्या. मोठेबाबांची खाट जिथे तीस वर्षं होती तिथे खाटेच्या मापाचा काळपट चौकोन उरला होता. खाट गेली, मोठेबाबाही गेले.

आधी सारवणाचं सांगतो, कारण पुढची सगळी युक्ती तिथूनच आली.

वर्धा जिल्ह्याची जमीन काळी. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत पाणी लागलं की फुगणारी आणि वाळली की आकसणारी चिकणमाती असते. उन्हाळ्यात शेतात अशा भेगा पडतात की अख्खा हात आत जावा. कापसाला ही माती चांगली, घराला वाईट. नुसत्या काळ्या मातीची जमीन केली तर पहिल्याच मे महिन्यात तिचे तुकडे होतात. म्हणून घराच्या पोटात मुरूम भरायचा, पाणी शिंपडून धुम्मसने ठोकायचा आणि वरच्या थराला पांढरी माती आणायची. ही पांढरी म्हणजे काही खडू नव्हे. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गाव वसलेल्या जागेला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, पडलेल्या भिंती, जुनी कुडं हे सगळं मिसळून गावठाणाची माती फिकट होते, तिचा चिकटपणा मोडतो, ती भेगाळत नाही. म्हणजे नव्या घराची जमीन पणज्यांच्या घरांच्या मातीची असायची. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांतही माती चोपून केलेल्या जमिनी मिळाल्या. कृती फारशी बदललेली नाही.

या चोपलेल्या जमिनीवर शेणाचा पातळ हात फिरवायचा, ते सारवण. शेण त्याच दिवसाचं हवं. पाणी किती, हे मोठीमायला विचारलं तर ती हात पुढे करते आणि बोटं हलवून दाखवते. मापाचं भांडं असं काही नव्हतंच. सोबत थोडी माती, कधी गव्हांडा. बाई आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करते, उकिडवी बसते, डावा हात गुडघ्यावर, उजव्याने अर्धवर्तुळं काढत दाराकडे पाठ करून मागे मागे सरकते. प्रत्येक अर्धवर्तुळ आधीच्याच्या काठावर चढतं, कवेलूंसारखं. उंबऱ्याशी पोचली की उठते. खोली संपलेली असते, तिच्यावर एकही पाऊल नसतं आणि घरातले सगळे अजून दुसऱ्या खोलीत झोपलेले असतात. चहा होईपर्यंत जमीन वाळते. मग सारवणारी दुसरी खोली धरते आणि माणसं पहिलीत येतात. सणाच्या आधीचं काम मोठं. आधी पोपडे आलेली जागा खरवडायची, भेगांत ओली माती दाबायची, भिंत आणि जमीन मिळते तिथला कोपरा गोल करायचा, मग सारवायचं. पण ते कामही खोली-खोलीनेच चालायचं. आठ दिवस घर सोडायची गोष्ट कुणी काढली असती तर तिला वेड लागलं म्हणाले असते.

शेण का, याचं उत्तर आजी लोक पावित्र्यात शोधतात आणि तरुण मंडळी नाक मुरडण्यात. दोन्हींच्या मध्ये साधी गोष्ट आहे. गाईला न पचलेले गवताचे बारीक तंतू शेणात असतात. ते माती वाळताना तिला धरून ठेवतात आणि भेगा पडू देत नाहीत. बुर्किना फासोमध्येही मातीच्या घरांना शेण वापरतात. तिथल्या शेण मिसळलेल्या विटांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शेणातली द्रव्यं मातीतल्या खनिजांशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारं बंधक तयार करतात आणि वीट पाण्याला जास्त टिकते, असं त्यात आढळलं. मोठीमायला हे सांगितलं. "मंग?" ती म्हणाली.

सारवलेली जमीन आजही रोजच्या वापरासारखी राखलेली पाहायची असेल तर वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर जावं लागतं.

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावला राहायला आले. गावची बरीचशी मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती. गांधींनी घातलेली अट वर्ध्यात अजून सांगतात: झोपडीला शंभर रुपयांहून जास्त खर्च नको, सामान आणि मजूर गावचेच हवेत. पुढे बुलढाण्याच्या शेगावशी पत्रांचा घोळ होऊ लागला म्हणून १९४० साली सेगावचं सेवाग्राम झालं. आज ज्या झोपडीला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनसाठी बांधलेली. इंग्रज ॲडमिरलची ही मुलगी. तिने मातीच्या भिंतीवर हाताने ताडाची झाडं, मोर आणि चरखा उठावात काढले, ते अजून आहेत. गांधी नंतर तिच्या झोपडीत राहायला आले. २५ ऑगस्ट १९४६ रोजी ते सेवाग्राममधून निघाले आणि पुन्हा परत आले नाहीत.

माती, बांबू, शिंदीची पानं, कवेलू. हे सामान टिकाऊ नाही. विदर्भाचा एक पावसाळा कवेलू सरकवायला पुरतो आणि वाळवी बांबूला सोडत नाही. तरी झोपडी नव्वदीला आली आहे. ती टिकली ती मजबूत आहे म्हणून नव्हे. कवेलू फेरतात, कुजलेला बांबू काढून नवा घालतात, भिंती लिंपतात, जमीन सारवतात, म्हणून उभी आहे. मग त्यातलं मूळ किती उरलं, असा प्रश्न परदेशी पाहुण्याला पडतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला तो पडत नाही. वखराचं लाकूडही बदलतं आणि पासही बदलते, तरी वखर आजोबांचाच असतो.

कुटीत गेलं की माझं लक्ष खाली जातं. कोनाड्यातल्या वस्तू सगळे पाहतात. आश्रमात व्हाइसरॉयशी बोलायला बसवलेला टेलिफोन पाहतात, साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजराही पाहतात. जमिनीवर बसणाऱ्या-निजणाऱ्या माणसाला हा चिमटा का लागत असेल हे वर्ध्याच्या पावसाळ्यात वेगळं सांगावं लागत नाही. साप धरून दूर सोडून देत. जमीन मात्र कुणी पाहत नाही, कारण तिच्यात पाहण्यासारखं काही नाही. ती फक्त स्वच्छ असते आणि तिच्यावर हाताची अर्धवर्तुळं दिसतात.

विचारवंत इव्हान इलिच जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला एका परिषदेच्या उद्घाटनाला आला होता. त्याआधी तो या झोपडीत बराच वेळ बसून राहिला आणि भाषणही तिच्यावरच केलं. झोपडीतल्या सात प्रकारच्या जागा त्याने मोजल्या. माणूस जितकं सामान जमवतो तितका त्याच्यावर अवलंबून होत जातो, असं त्याचं म्हणणं होतं. ते वाचताना मला नागपूरच्या माणसाचे आठ दिवस आठवले. त्या आठ दिवसांतले मशीनचे किती आणि सामानाचे किती? कपाट, दिवाण, फ्रीज, टीव्हीचं टेबल, पुस्तकांच्या पेट्या हे सगळं हलवायचं, ठेवायला जागा शोधायची, पुन्हा लावायचं. बापूकुटीत किंवा माझ्या आजीच्या खोलीत जमिनीवर काय होतं? चटई, पाट, गोधडीची वळकटी. एका हाताने उचललं की जमीन मोकळी. सारवणाला कुणाची अडचण होत नसे, यात हाताचं कौशल्य आहेच, पण खोली रिकामी असण्याचा वाटा मोठा आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी मातीच्या जमिनीची आरती ओवाळतो आहे. तसं नाही. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २००० सालापासून सरकारने गरिबांच्या घरात मातीच्या जागी सिमेंटची जमीन करून दिली. २००९ साली छापलेल्या अभ्यासात, जिथे मातीची जमीन पूर्ण गेली तिथल्या लहान मुलांतला जंतांचा प्रादुर्भाव सुमारे ७८ टक्क्यांनी आणि हगवण ४९ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. बाळाच्या नाळेला शेण लावण्याच्या चालीने आपल्याकडे किती मुलं गेली असतील ते कोण मोजणार. भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याची नोंद २०१५ साली झाली, म्हणजे परवाचीच गोष्ट. रांगत्या पोराच्या आईला टाईल्स हव्या असतील तर तिला सेवाग्रामचा दाखला देणारा माणूस मूर्ख आहे.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. घराला अडचण होत नसे म्हणजे नेमकी कुणाला होत नसे? पुरुष उठायच्या आत खोली सारवून व्हायची, ती पहाटे चारला उठलेल्या बाईने. हिवाळ्यात गार पाण्यातलं शेण, भेगाळलेले तळवे, बाळंतपणाला महिना उरलेला असतानाही उकिडवं बसणं. आमच्यासारख्या मालगुजारी वळणाच्या घरांत ओटा आणि अंगण सारवायला बाहेरची बाई यायची. तिला शेण कालवायला अंगणात जागा होती, स्वयंपाकघरात नव्हती. मोठीमाय ज्याला आपलं आयुष्यभराचं सारवणं म्हणते त्यातला बराच भाग त्या बाईच्या हातांचा आहे. हे मी मोठीमायला बोलून दाखवलं. ती गप्प बसली, आणि थोड्या वेळाने त्या बाईच्या नातीचं लग्न कुठे झालं ते सांगू लागली.

म्हणून घरकुल मंजूर झालेल्या बाईला विचारून पाहा, ती आधी फरशीचं बोलते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट मुलखात १ लाख २० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं. त्यात कसंबसं बसवून ती टाईल्स घालते. पुसायला पोछा, उभ्याने. तिची कंबर तिच्या मालकीची झाली.

शेणही आता कुठे आहे? वर्धा जिल्ह्याची आपली जात गवळाऊ. पांढरी, चपळ, दौडीला नाव काढणारी. आर्वी, कारंजा, आष्टी हा तिचा मुलूख आणि नंद गवळी ही ती राखणारी माणसं. वखरणीला ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली आणि सकाळचं शेण खत, गोवऱ्या आणि सारवण या तिघांत वाटायलाच पुरेना. आमच्या गोठ्यात आता एक मोटारसायकल असते. मोठीमायच्या खोलीपुरतं शेण शेजारून येतं, आणि शेजारीण ते देताना तिच्या उजव्या गुडघ्याची चौकशी करते.

वर्ध्यातल्याच सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने मातीच्या घरांच्या प्रश्नावर बरीच वर्षं डोकं लावलं. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली सुरू केलेली ही संस्था. मातीचं घर सुधारून टिकाऊ कसं होईल, कुंभाराच्या शंकूसारख्या कवेलूंची कमान रचून लाकडाशिवाय छत कसं होईल, असले उद्योग वर्ध्याजवळच्या दत्तपूरला झाले. पण या कथेला उपयोगी पडलेला धागा मला रवांडात सापडला. तिथे एक संस्था गरिबांच्या घरात माती आणि मुरमाची जमीन ठोकून वरून जवसाच्या तेलापासून केलेलं वार्निश देते. जमीन धुता येते, धूळ उडत नाही, खर्च सिमेंटपेक्षा बराच कमी.

जवस! हे वाचून मी हसलोच. ज्या तेलाचा वास माझ्या लहानपणाला चिकटलेला आहे ते इतक्या लांब जाऊन जमिनीला लागलं होतं. विदर्भात जवस आपला. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्यावर संशोधन चालतं, एनएल-९७ हे वाण तिथलंच. घरात त्याची चटणी होते आणि सुतार लाकडाला त्याचंच तेल पाजतात. शेंगदाण्याचं तेल फळीला लावलं तर ती महिनोन्‌महिने चिकट राहील. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन लाकडाच्या आतच घट्ट होतं. ते उडून जात नाही, जागच्या जागी कडक होतं. माती असो की साग, त्याला फरक पडत नाही.

म्हणजे खालच्या जमिनीची रीत आणि दोन्ही जमिनींना चालणारं तेल, दोन्ही घरातच होतं. मी गावच्या मिस्त्रींना गाठलं. त्यांच्या घरात सुतारकी पूर्वापार. पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या आधी त्यांच्या अंगणात लाकडी बैलांची रांग लागते. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध. तिथले बैल माणसाच्या उंचीचे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे. दरवर्षी पुसून, रंगवून ते पुन्हा उभे राहतात. हाही सारवणाचाच प्रकार, असं मला वाटून गेलं.

मिस्त्री माडीवर आले, चप्पल बाहेर काढून. त्यांनी खिशातून काही काढलं नाही. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून तीन जागी थेंब टाकले. एक कोपऱ्यात, एक मधे, एक त्या झिजलेल्या वाटेवर. कोपऱ्यातला थेंब मोत्यासारखा बसून राहिला. मधला हळूहळू पसरला. वाटेवरचा फळीने पिऊन टाकला आणि तिथे काळा डाग उरला. "एवढ्यालेच तेल पायजे," मिस्त्री म्हणाले. "बाकीची जमीन जित्ती हाय. मशीन कायले लावता?"

मशीनबद्दल त्यांचं मत ठाम होतं आणि मला ते पटलं. घासायचं यंत्र दर खेपेला लाकडाचा थर खातं. जुन्या फळ्यांचे खिळे वर आलेले असतात, त्यांच्यावर पट्टा फाटतो आणि खिळे घासले गेले की फळी धरून ठेवणारं काही उरत नाही. शिवाय हा गाभ्याचा जुना साग, पूर्वी मध्यप्रांताचा साग म्हणून ज्याचं नाव होतं त्या मुलखातला. बल्लारशाच्या डेपोतला साग आजही देशभर जातो, अयोध्येच्या मंदिराच्या दारांनाही तोच गेला. आमच्या फळ्यांच्या रुंदीचा साग आता विकत मिळणं कठीण. तो भुशाच्या रूपाने पोत्यात भरायचा कशाला?

काम दिवाळीनंतर काढलं. त्याला कारण आहे. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेल वाळत नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, लाकूड आकसतं, फळ्यांत फटी पडतात. त्या फटी पाहून अनेकांना भुसा आणि फेविकॉलचा लगदा भरायची घाई होते. मग आषाढात फळ्या फुगतात, त्यांना सरकायला जागा उरत नाही आणि त्या मधोमध वर उचलल्या जातात. मिस्त्रींनी एकही फट भरली नाही. कार्तिकात हवा कोरडी आणि ऊन सोसवणारं असतं.

माडीच्या दोन खोल्या. प्रत्येकीचे मनाने दोन भाग केले, म्हणजे चार. मोठीमाय खाली आपल्या सारवलेल्या खोलीत होती तशीच राहिली. वरच्या एका खोलीत पुतण्याचा परीक्षेचा अभ्यास चालू होता, तो अर्ध्या खोलीतून दुसऱ्या अर्ध्यात सरकत राहिला. सकाळी आधी कोरडा झाडू, मग साबणाच्या पाण्यात बुडवून अगदी कोरडं पिळलेलं फडकं. लाकडी जमिनीवर बादली ओतणाऱ्या माणसाला मिस्त्री माफ करत नाहीत. पाणी फटीतून कड्यांत जातं आणि तिथे वाळवीला बोलावणं जातं. वर आलेले खिळे सुंब्याने आत बसवले. झिजलेल्या जागी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, हातानेच. धूळ सुपात मावेल एवढी. सागाच्या अंगचं तेल वर आलं असेल तर नवं नीट बसत नाही, म्हणून एकदा टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं.

मग तेल. दुकानात डबल बॉईल्ड म्हणून जवसाचं मिळतं ते, पहिल्या हाताला टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं. मिस्त्री आतल्या कोपऱ्यात उकिडवे बसले. फडकं बुडवलं, पिळलं आणि दाराकडे पाठ करून मागे मागे सरकत आले. मोठीमाय कसंबसं जिना चढून उंबऱ्याबाहेर येऊन बसली होती. तिने पाहिलं आणि ती काही बोलली नाही, पण तिचा उजवा हात मांडीवर थोडा थोडा हलत होता.

पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. हौशी लोक इथेच चुकतात. जास्त तेल म्हणजे जास्त चमक असं वाटतं आणि मग चिकट साय धरते, तिच्यावर धूळ बसते ती कायमची. लाकडाने जेवढं प्यायचं तेवढं प्यायलं, उरलेलं त्याचं नाही. एक दिवस त्या भागावर पाय नाही. दुसऱ्या दिवशी पलीकडचा भाग. नंतर दुसरा हात, तोही तसाच. काम रोज दीड-दोन तासांचं, सगळं मिळून नऊ सकाळी लागल्या. वास होता, पण खिडक्या उघड्या ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत आवरण्यासारखा. वीज गेली तेव्हाही काम थांबलं नाही, विजेवर चालणारं काही नव्हतंच.

एक चूक झाली आणि ती माझी. तेलाने भिजलेली फडकी मी गोळा करून जिन्याखाली प्लास्टिकच्या बादलीत कोंबली. दुपारी तिथून करपट वास आला. हात घातला तर आतली फडकी चांगलीच गरम. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते, गोळा असेल तर आत कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मिस्त्रींनी बादली अंगणात नेऊन पाण्याने भरली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे दोन दिवस त्यांना काहीही विचारलं नाही. त्या जिन्याखाली जुन्या वह्या होत्या, वर सागाचं छत, शेजारी मोठीमायची खोली. कुणी हे काम करणार असेल तर फडकी एकेक करून दोरीवर वाळत टाका किंवा पाण्यात बुडवा. याला पर्याय नाही.

जमीन नवी दिसते का? नाही. नव्यासारखी दिसावी अशी अपेक्षाही नव्हती. वाट अजून दिसते, फक्त ती आता भुरकट नाही, मधाच्या रंगाची आहे. खिळ्यांभोवतीचे काळे डाग तसेच ठेवले. खाटेचा चौकोन फिकट झाला, पण गेला नाही. मिस्त्रींना मी तो मशीनने जाईल का असं हळूच विचारलं होतं. "जाईन," ते म्हणाले, "पन कायले?" आता दरवर्षी कार्तिकात थेंब टाकून पाहायचं आणि जिथे फळी पाणी पिते तिथेच तेलाचा हात द्यायचा. एक सकाळ पुरते.

खर्च नागपूरच्या माणसाने सांगितलेल्या आकड्याच्या पाचव्या भागाहून कमी आला. मिस्त्रींनी मजुरी घेतली ती त्यांच्या नेहमीच्या दराने. मी जास्त देऊ केली तर म्हणाले, पुढल्या साली पुन्हा बलवा, तेवढं पुरे.

सेवाग्रामला जाणं झालं तर सकाळी लवकर जा. बापूकुटीच्या दारात चप्पल काढताना आधी जमीन पाहा. ओली दिसली तर बाहेरच्या झाडाखाली थांबा. ऊन असेल तर अर्ध्या तासात वाळते.